येतो म्हणून सांगितलं

९ सप्टेंबर

पोचलो. दोन माणसं, दोन बॅगा. विमानतळावर लोक सामानाचे डोंगर ढकलत चालले होते, ते बघून मला हसू आवरेना. आमचं अख्खं बिऱ्हाड दोन बॅगांत बसलं याचा मला अभिमान वाटतो. तो इथेच लिहून ठेवतो, कारण बोलून दाखवला की ही दुसरीकडे बघते.

खोली बघून मात्र मीच जागच्या जागी उभा राहिलो. फोटोत होती ती हीच, पण फोटो काढणारा नक्की कपाटात शिरून उभा राहिला असणार. एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात शेगडी आणि रस्त्याकडची खिडकी. संडास जिन्याच्या वळणावर, तोही शेजाऱ्यांबरोबर वाटून. मला वाटलं, आता ही डोळ्यांना पदर लावणार. मी घाईघाईने म्हटलं की निवृत्तीनंतर फ्लॅट भाड्याने देऊन ज्या साधेपणासाठी इथे आलो, तो हाच. त्यावर ती एवढंच म्हणाली, की झाडायला फार वेळ लागणार नाही.

निघताना वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, भावोजी, तिला तिकडे एकटी पडू देऊ नका, गोतावळ्यातली बाई आहे ती. खरंच आहे. आमच्या घरी रोज पंगतच असायची. आई होती तोवर तर ही दिवसभर हाकेला ओ देत घरभर फिरायची, आणि तोंडावर कधी आठी नाही. अशा बाईला एका खोलीत करमणार कसं, हीच माझी काळजी आहे. माझं काय, मी कुठेही राहीन.

११ सप्टेंबर

धक्काच बसला. हिची बॅग उपसताना कपड्यांच्या मधोमध टॉवेलात गुंडाळलेला सुईदोऱ्याचा डबा निघाला. काय आणायचं आणि काय नाही ते आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं, म्हणजे मी ठरवलं होतं आणि हिने मान डोलावली होती. विचारलं तर म्हणते, चुकून आला.

वजनमापे खात्यात माझी हयात गेली. पारड्याखाली चिकटवलेलं शिसं मी दुकानात पाऊल टाकल्याबरोबर ओळखायचो. चुकून आलेली वस्तू टॉवेलात गुंडाळून येत नाही, हे मला कळतं. पण म्हटलं, जाऊ दे. हिचे वडील रफूगर होते आणि लग्नाआधी ही त्यांच्या हाताखाली बसायची. आमच्याकडे आल्यावर मी तिच्यावर सुई धरायची वेळच येऊ दिली नाही. लोकांची फाटकी कापडं शिवायची काय गरज होती तिला?

१७ सप्टेंबर

जिन्यात एक खिळा वर आलेला आहे. त्याने माझ्या कोटाचं कोपर फाडलं. एकुलता एक कोट. खाली तळमजल्यावर कपडे धुऊन, इस्त्री करून, दुरुस्त करून देण्याचं दुकान आहे, तिथे आम्ही दोघं गेलो. मालकीण साठीची, एक चष्मा नाकावर आणि एक कपाळावर. चष्मेवालीने कोट उलटापालटा केला, फाटलेल्या जागी बोट घातलं आणि मान हलवली. वर ठिगळ लावावं लागेल, असं तिने हाताने दाखवलं.

आणि मग हिने जे केलं ते मी बघतच राहिलो. कोट सरळ त्या बाईच्या हातातून काढून घेतला. आतली शिवण थोडी उसवली, तिथून कोटाचाच धागा उपसला, समोरच्या उशीतली सुई उचलली आणि तिथेच स्टुलावर बसली. एक धागा वरून, एक खालून, पहिले उभे मग आडवे. मी दोनदा म्हटलं की अगं लोक बघताहेत, पण तिला ऐकूही गेलं नसावं. शेवटी ओलं फडकं ठेवून वरून इस्त्री फिरवली. चष्मेवालीने कपाळावरचा चष्मा नाकावरच्या चष्म्यावर चढवला, कोट उजेडात धरला, आणि भोक कुठे होतं ते तिला सापडेना.

निघताना ही आपल्या सवयीने "येते हं" म्हणाली. बाईंनी अर्थासाठी माझ्याकडे बघितलं. इथली भाषा मी येण्याआधी पुस्तकावरून शिकलोय, तेव्हा मी ताबडतोब भाषांतर करून दिलं, की ही येते म्हणते. बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी काहीतरी विचारलं, त्यातला "उद्या" एवढा शब्द मला कळला. शिष्टाचार असेल म्हणून मी जोरात मान डोलावली.

१८ सप्टेंबर

सकाळी चहा घेत होतो, तर दारावर थाप. चष्मेवाली स्वतः जिना चढून आलेली. हिचं मनगट धरलं आणि खाली घेऊन गेली. मी चपला शोधेपर्यंत दोघी दिसेनाशा झाल्या. खाली जाऊन बघतो तर खिडकीपाशी एक खुर्ची ठेवलेली, तिच्यावर गादी, बाजूला दिवा. पाहुणचार म्हणावा, तर समोर कोटांचा आणि विजारींचा ढीग. ही त्या खुर्चीत बसलेली, आणि डबा मांडीवर. म्हणजे डबा घेऊन गेली होती!

मी म्हटलं, नको असेल तर सांगून टाक, मी भाषांतर करतो. म्हणाली, आता बसलेच आहे तर दोन कोट करते. भिडस्त आहे हो अतिशय. कुणाला नाही म्हणणं हिला कधी जमलंच नाही.

२ ऑक्टोबर

दोन कोटांचं रोजचंच होऊन बसलंय. सकाळी जाते, दुपारी येऊन जेवायचं बघते, पुन्हा जाते. मी हरकत घेतलेली नाही. तेवढाच वेळ जातो तिचा.

आजचा प्रकार वेगळाच. आमचा घरमालक वरच्या मजल्यावर राहतो, सदा शिट्टी वाजवतो म्हणून आम्ही त्याला शिट्टीवाला म्हणतो. आज तो इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा राहिला, शिट्टी बंद, चेहरा पडलेला. खुणा करकरून त्याने सांगितलं ते असं, की तुम्ही मला जिन्यात रोज सांगता "मी येतो", आम्ही नवरा-बायको रोज संध्याकाळी वाट बघतो, बायको टेबलावर चार कप मांडते, आणि तुम्ही येत नाही. आमचं काही चुकलं का?

मी गारच पडलो. मला समजावून सांगता येईना. आपण बाहेर पडताना कधी "जातो" म्हणतो का? जाणारा एकदाच जातो. लहानपणी मी एकदा "जातो" म्हणालो तर आईने उंबऱ्यातून परत बोलावून बसवलं होतं आणि हातावर साखर ठेवून पुन्हा "येतो" म्हणायला लावलं होतं. हे सगळं इथल्या भाषेत कसं सांगणार? यांच्या भाषेत येतो म्हणजे येतो आणि जातो म्हणजे जातो. भावार्थ नावाची गोष्टच नाही.

हिला सांगितलं तर हसत सुटली. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे ती खुर्ची अशी आली." कुठली खुर्ची, ते मला उशिरा लक्षात आलं. म्हटलं, मग उद्याच जाऊन खुलासा करतो, की गैरसमज झाला, तू सुटशील. तर ही इतक्या झटकन "काही नको" म्हणाली की मी बघत राहिलो. त्या बाईला वाईट वाटू नये म्हणून. मन फार मऊ हिचं.

१४ ऑक्टोबर

भाजीवाल्याच्या तराजूचा काटा किंचित डावीकडे झुकतो. पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत सलतोय. आज त्याला रीतसर दाखवून दिलं, मी कोण होतो तेही सांगितलं. आपल्याकडे मी नुसता कोपऱ्यावर दिसलो तरी दुकानदार उठून उभे राहायचे, "साहेब, बसा, काय घेणार" सुरू व्हायचं. हा पठ्ठ्या हसला, दोन बटाटे जास्तीचे टाकले आणि माझ्या पाठीवर थोपटलं. मला, पाठीवर!

घरी येऊन मी ते बटाटे टेबलावर ठेवून कितीतरी वेळ बसून होतो. लाच घेतल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी ही आली, तिने सोलून शिजवले. म्हणाली, चांगले आहेत.

२३ ऑक्टोबर

दुपारी खालून कुठल्याशा बाईचं हसणं ऐकू आलं. साधंसुधं नाही, पोट धरून, खदाखदा. थांबायचं आणि पुन्हा सुटायचं. मला वाचायला सुचेना. काही लोकांना रीतभातच नसते. खिडकी लावून घेतली. संध्याकाळी हिला विचारलं, की दुकानात कोण गिऱ्हाईक आलं होतं एवढं हसणारं? म्हणाली, कुणी नाही, आम्ही दोघीच होतो. मग चष्मेवालीच असणार. दिसत नाही हो तशी.

५ नोव्हेंबर

आज दोन धक्के.

पहिला. दुपारी खाली गेलो तर ही चष्मेवालीबरोबर पावाचा तुकडा आणि सूप खात होती. म्हणजे जेवत होती. माझ्या आधी. मी दारात उभा, आणि हिच्या तोंडात घास. लग्न झाल्यापासून हे मी बघितलं नव्हतं. मला कसलाही राग नाही, मी काही जुन्या वळणाचा माणूस नाही, पण निदान दचकायला तरी हवं होतं तिने. ती म्हणाली, "तुमचं झाकून ठेवलंय वर, गरम करून घ्या." मला शेगडी पेटवता येत नाही हे तिला ठाऊक आहे. मी थंडच जेवलो. तिला सांगितलं नाही.

दुसरा धक्का त्याहून मोठा. नंतर ही घटकाभर वर आली आणि परत निघताना दारातून म्हणाली, "जाते."

माझ्या हातातलं पुस्तक गळून पडलं. म्हटलं, काय बोललीस? म्हणाली, अहो, इथे तसंच म्हणतात, नाहीतर लोक वाट बघत बसतात. मी म्हटलं, पण मी इथला नाही ना, मी तुझा नवरा आहे. माझ्याशी तरी आपलं बोल. आईसारखं तिला परत बोलावून बसवावं असं मनात आलं होतं. साखरही होती. पण तोवर ती जिना उतरून गेली होती.

२८ नोव्हेंबर

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडत नाही. थंडी आहे. सकाळी खिडकीत बसतो, दुपारी खिडकीत बसतो. समोरच्या रस्त्याने कोण कधी जातं ते मला पाठ झालंय, पण मान वर करून बघणारं कुणी नाही. ही संध्याकाळी येते तेव्हा दुकानातल्या गोष्टी सांगते. कुणाचा लग्नातला कोट कसरीने खाल्ला होता, कुणी म्हातारा मेलेल्या बायकोची शाल घेऊन आला होता. सांगता सांगता इथल्या भाषेतले शब्द तिच्या तोंडून पटापट निघतात. मी व्याकरण सुधारायला गेलो की ती म्हणते, कळतं हो त्यांना.

एक मात्र खरं, हिची झोप सुधारली आहे. घरी कूस बदलत असायची. इथे पाठ टेकली की लागली. दमते बिचारी.

१९ डिसेंबर

मी ठरवलं. परत जायचं.

आपल्या फ्लॅटमधला भाडेकरू सोडून जातोय, चिरंजिवांचा फोन आला होता. मला तर देवच पावला. साधेपणा शिकायचा तेवढा शिकून झाला. खरं कारण ही आहे. अंगावर मांस राहिलेलं नाही, दिवसभर लोकांच्या फाटक्यात डोकं, ना बोलायला माणूस ना विचारायला. वहिनींना मी शब्द दिला होता. चिरंजीव म्हणाले, "बाबा, आईला विचारलंत का?" मी म्हटलं, यात विचारायचं काय? अचानक सांगून तिला खूष करणार आहे मी. त्यावर तो गप्प झाला. हल्ली फोनला मध्येच आवाज जात नाही.

२३ डिसेंबर

दोन तिकिटं टेबलावर ठेवली आणि तिला म्हटलं, डोळे मीट. तिने मिटले. म्हटलं, उघड.

मला वाटलं होतं, रडेल आनंदाने. ती तिकिटांकडे इतका वेळ बघत राहिली, की मला वाटलं तारीख चुकली की काय. मग हात पुसले, समोरच्या खुर्चीवर बसली. शांतपणे म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी आहे इथे."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, इथे म्हणजे कुठे? म्हणाली, इथे. मी कारण विचारलं. ती विचार करून म्हणाली, "इथे मला कुणी हाक मारत नाही हो."

"तेच तर म्हणतोय मी," मी म्हटलं. "एकटी पडलीस तू. म्हणून तर निघायचं."

माझ्याकडे तिने अशी नजर टाकली, जशी लहान मुलाकडे टाकतात. "तसं नाही," म्हणाली. तिने उठून चहा टाकला. साखर बरोबर माझ्या मापाची घातली.

२४ डिसेंबर

डोकं काम करत नाही. मी तिला सगळं सांगून बघितलं. घर, वहिनी, चिरंजीव, लोक काय म्हणतील. ती प्रत्येकाला "हो" म्हणते. हो म्हणत म्हणत नाही म्हणायचं कुठे शिकली ही? चष्मेवालीने तिच्या राहण्याच्या परवान्याचं सगळं केलं आहे, सही हिने केली आहे, महिना होऊन गेला. मला सांगितलं का नाही विचारलं, तर म्हणते, तुम्ही खिडकीत असता.

पण एक आहे. ती "जा" म्हणाली नाही. "जाऊन या" म्हणाली. शब्दांचं वजन मला कळतं. या म्हणजे परत या. म्हणजे माणूस यायला हवाय तिला, आणि ज्याची वाट बघायची तो माणूस तोडून टाकत नाही कुणी. थोडे दिवस जाऊ देत. मी नसलो की कळेल तिला. मग फोन येईल, की अहो, मला न्यायला या.

६ जानेवारी

तिचं तिकीट परत केलं. तिकिटाच्या खिडकीतल्या माणसाने विचारलं, प्रवासी आजारी आहे का? मी हो म्हटलं.

२१ जानेवारी

शेगडी पेटवायला शिकवते आहे मला. आज भात केला, खाली लागला. तिने खरवडून खाल्ला आणि म्हणाली, जमेल. माझे सगळे शर्ट काढून कॉलर उलटवून दिल्या, बटणं घट्ट केली. मोज्यांच्या टाचासुद्धा. रफू इतकं बेमालूम, की कुठे फाटलं होतं ते माझं मला आठवेना. इतकं सगळं कोण करतं, जो नको असतो त्याच्यासाठी? मला आशा आहे.

एकदा मध्येच तिचे डोळे भरून आले. मी ताबडतोब म्हटलं, अजून तिकीट मिळेल. तिने मान हलवली आणि सुई दाताने तोडली, म्हणजे दोरा. मीही काय लिहितोय.

८ फेब्रुवारी

बॅग तिनेच भरली. उघडून बघितली तर वरच कप. आम्ही दोनच कप आणले होते, त्यातला एक. आणि एक ताट. प्रवासात चहाला उपयोगी पडेल म्हणून दिला असणार. पण ताट कशाला, ते मला कळलं नाही. विचारणार होतो, पण विचारलं नाही.

९ फेब्रुवारी

विमानतळावर बसून लिहितोय. विमानाला वेळ आहे.

सकाळी शिट्टीवाल्याच्या घरी एकदाचा जाऊन आलो. चार कप मांडलेले होतेच. त्याने माझा हात बराच वेळ सोडला नाही. मग बॅग घेऊन खाली दुकानात गेलो. ही तिच्या खिडकीपाशीच होती, मांडीवर कुणाचा तरी निळा कोट. मी म्हटलं होतं बसपर्यंत ये, पण कोट दुपारी द्यायचा होता.

चारचौघांत काय बोलणार? किती वर्षांचं, कुठून सुरू करणार? मी बॅग खाली ठेवली आणि म्हटलं, "येतो."

तिने सुई कापडात खोचून ठेवली. उठली. माझ्या कोटाचं कोपर हाताने सारखं केलं, तेच कोपर. "या," म्हणाली. "सांभाळून या." डोळ्यांत पाणी होतं, मी स्वतः बघितलं. मला एकदम हलकं वाटलं. या म्हणाली. पूर्वी म्हणायची तसंच म्हणाली. सगळा रस्ता हाच शब्द घेऊन जायचा असं मी ठरवलं आणि दाराकडे वळलो.

दाराची मूठ फिरवतोय तोच मागून चष्मेवालीने हिला विचारलं, काय म्हणाला तो? एवढं आता मला समजतं. मला वाटलं, हिला शब्द सापडत नाही, वळून मीच सांगावा. मग ती त्यांच्या भाषेत म्हणाली, हळूहळू, एकेक शब्द सुटा करून:

"तो म्हणाला, जातो."

मी मुठीवर हात ठेवून तसाच उभा होतो. वळून चूक दुरुस्त करायची सवय आहे मला. पण भाषांतर बरोबर होतं.